सनद कुठली आणि सरकार कुठले?

बडोद्यात सूरसागर तलावाजवळची न्यायमंदिराची इमारत १८९६ साली पुरी झाली. आराखडा रॉबर्ट चिझमचा, नाव महाराणी चिमणाबाईंचे आणि राज्य सयाजीराव गायकवाडांचे. पुढे अनेक दशके तिच्या पायऱ्यांवर वकील, पक्षकार आणि कारकुनांची वर्दळ होती. २०१८ मध्ये न्यायालयांचा संसार दिवाळीपुऱ्यातील नव्या संकुलात हलला. इमारत जागची हलली नाही, पण तिच्यावरचे उच्च न्यायालय मात्र बदलत गेले. संस्थानाच्या काळात उच्च न्यायालय म्हणजे बडोद्याचेच वरिष्ठ न्यायालय. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि अपिले मुंबईला जाऊ लागली. बरोबर अकरा वर्षांनी, १ मे १९६० रोजी गुजरात वेगळे झाले आणि तीच अपिले अहमदाबादच्या गाडीत बसली. वकिली एका गावात करायची आणि वरचे न्यायालय दोनदा बदललेले पाहायचे, हे बडोद्याच्या एका पिढीच्या वाट्याला आले.

त्यामुळे ‘सनद कुठे घ्यायची’ हा प्रश्न या गावाला नवा नाही. याच संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली अमेरिकेला गेलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२२ मध्ये लंडनच्या ‘ग्रेज इन’मधून बॅरिस्टर झाले, पण वकिलीची सुरुवात त्यांनी १९२३ मध्ये केली ती मुंबई उच्च न्यायालयात. आज दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातल्या मराठी घरातली मुलगी महाराजा सयाजीराव विद्यापीठातून कायद्याची पदवी घेते तेव्हा घरात हाच विषय निघतो. मामा पुण्यात, आत्या ठाण्यात, मग सनद महाराष्ट्राची घ्यावी की गुजरातची? आणि मुलीला खाजगी वकिलीपेक्षा सरकारी वकील व्हायचे असेल, तर प्रश्नाला आणखी फाटे फुटतात.

कायदा काय म्हणतो, ते आधी पाहू. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याने प्रत्येक राज्याला, किंवा काही राज्यांना मिळून, एक वकील परिषद दिली. त्याच कायद्याच्या कलम १७ नुसार एका वेळी एकाच परिषदेच्या नोंदवहीत नाव असू शकते. दोन सनदा खिशात ठेवून फिरता येत नाही. कोणत्या परिषदेकडे जायचे, याचे उत्तर कलम २५ मध्ये आहे. ज्या परिषदेच्या हद्दीत वकिली करण्याचा विचार आहे, तिच्याकडे अर्ज. पदवी कुठली, जन्म कुठला, मातृभाषा कोणती, यांचा त्यात उल्लेख नाही.

आता याच कायद्याचे कलम ३०. नोंदणीकृत वकिलाला देशभर कुठल्याही न्यायालयात उभे राहण्याचा हक्क त्यात आहे. गंमत अशी की १९६१ च्या कायद्यातले हे कलम प्रत्यक्षात अमलात यायला १५ जून २०११ उजाडावे लागले. तेव्हापासून तत्त्वतः अहमदाबादच्या सनदेवर नागपुरात आणि मुंबईच्या सनदेवर बडोद्यात वकीलपत्र दाखल करता येते.

तत्त्वतः हा शब्द इथे जपून वापरलेला आहे. उच्च न्यायालयांना आपापले नियम करण्याचा अधिकार कलम ३४ देते. अलाहाबाद उच्च न्यायालयाचा नियम असा, की उत्तर प्रदेशाच्या नोंदवहीत नाव नसलेल्या वकिलाने तिथल्या स्थानिक वकिलाला सोबत घेऊनच उभे राहावे. २०१६ मध्ये जमशेद अन्सारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा नियम वैध ठरवला. म्हणजे देशभर वकिलीचा हक्क आहे, पण परक्या अंगणात स्थानिकाचा हात धरावा लागू शकतो.

पैशाचा मुद्दा अलीकडेपर्यंत खराखुरा होता. कायद्यात नोंदणी शुल्क ठरलेले आहे. राज्य परिषदेला ६०० आणि भारतीय वकील परिषदेला १५० असे एकूण ७५० रुपये. अनुसूचित जाती-जमातींसाठी हीच रक्कम १२५ रुपये. प्रत्यक्षात मात्र परिषदा ग्रंथालय, प्रशासन, प्रशिक्षण, ओळखपत्र अशा नावांनी रक्कम फुगवत गेल्या. सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या याचिकेत गुजरातचा आकडा २५,००० आणि ओडिशाचा ४२,१०० रुपये होता. गौरव कुमार प्रकरणात ३० जुलै २०२४ रोजी न्यायालयाने निकाल दिला की कायद्यात लिहिलेल्या रकमेपेक्षा एक रुपयाही जास्त नोंदणी शुल्क घेता येणार नाही. आधी घेतलेले पैसे मात्र परत करायला सांगितले नाही. ‘शेजारच्या राज्यात सनद स्वस्त पडते’ हे गणित त्या दिवशी कालबाह्य झाले.

सनद मिळाली म्हणजे सगळे झाले असेही नाही. २०११ पासून अखिल भारतीय वकील परीक्षा आहे. १० फेब्रुवारी २०२३ रोजी घटनापीठाने ती वैध ठरवली आणि शेवटच्या सत्रातल्या विद्यार्थ्यांनाही बसू देण्याची सूचना केली. परीक्षा मराठीतही देता येते आणि गुजरातीतही, आणि ती कोणत्या राज्यातून दिली याने काही बिघडत नाही. नोंदणी झाल्यापासून दोन वर्षांत ती उत्तीर्ण व्हायची असते. त्यामुळे राज्य निवडताना या परीक्षेचा विचार करण्याचे कारण उरत नाही.

मग राज्य निवडायचे कशावरून? ‘सरकारी वकील’ या एका शब्दाखाली निदान चार निरनिराळ्या वाटा आहेत, आणि प्रत्येकीची मागणी वेगळी आहे.

पहिली वाट पगारी नोकरीची. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात पोलिसांचे खटले चालवणारा अधिकारी म्हणजे महाराष्ट्रात सहायक सरकारी अभियोक्ता. गुजरातीत त्याला ‘मददनीश सरकारी वकील’ म्हणतात. मराठी कानाला मदतनीस हा शब्द ओळखीचाच. महाराष्ट्रात ही गट-अ ची पदे लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून भरली जातात. ही नोकरी एके काळी पोलीस खात्याच्या छायेत होती. शहाणे विरुद्ध महाराष्ट्र शासन या १९९५ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अभियोक्त्यांना पोलिसांपासून वेगळे करून त्यांचा स्वतंत्र विभाग उभारायला सांगितले. न्याय आणि कारभार वेगळे ठेवण्याचा आग्रह धरणाऱ्या सयाजीरावांच्या संस्थानात ही कल्पना कुणाला नवलाची वाटली नसती.

दुसरी वाट मुदतीच्या नेमणुकीची. जिल्हा सरकारी वकील आणि सत्र न्यायालयातला सरकारी अभियोक्ता या दोघांना पगारी कर्मचारी मानले जात नाही. ते सरकारने नेमलेले, चालू वकिली असलेले वकील असतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८ मध्ये जुन्याच अटी कायम आहेत. सरकारी किंवा अतिरिक्त सरकारी अभियोक्त्याला सात वर्षांची वकिली हवी आणि विशेष सरकारी अभियोक्त्याला दहा. जिल्ह्यातली नावे जिल्हा दंडाधिकारी सत्र न्यायाधीशांशी विचारविनिमय करून सुचवतो. ज्याने तुम्हाला कधी युक्तिवाद करताना पाहिलेले नाही, असा न्यायाधीश तुमच्याविषयी काय सांगणार?

तिसरी वाट उच्च न्यायालयाची. सहायक सरकारी वकिलापासून महाधिवक्त्यापर्यंत ही उतरंड जाते. महाराष्ट्रात यासाठी १९८४ चे विधी अधिकारी नियम आहेत आणि गुजरातमध्ये २००९ चे. महाधिवक्ता हे पद राज्यघटनेच्या अनुच्छेद १६५ मधले असून त्यासाठी उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्याची पात्रता लागते.

चौथी वाट केंद्र सरकारची आणि सार्वजनिक उपक्रमांची. बडोद्यात ही वाट इतर शहरांपेक्षा रुंद आहे. प्रतापनगरला पश्चिम रेल्वेच्या विभागाचे मुख्यालय, कोयलीला इंडियन ऑइलचा तेलशुद्धीकरण कारखाना, रेसकोर्सला गुजरात ऊर्जा विकास निगम आणि शिवाय महानगरपालिका. या सगळ्यांच्या पॅनेलवर वकील लागतात. भरपाई, भूसंपादन, कंत्राट, कामगार आणि वीजचोरीचे दावे वर्षभर चालू असतात. पॅनेलसाठी सनद भारतातल्या कुठल्याही परिषदेची चालते. पण काम मिळते ते रोज त्या न्यायालयात दिसणाऱ्या माणसाला.

या चौथ्या वाटेवर एक खड्डा आहे आणि त्यात पुष्कळ जण पडतात. पॅनेलवरचा वकील आणि त्याच उपक्रमातला पूर्णवेळ पगारी विधी अधिकारी एका टेबलावर बसले, तरी कायद्याच्या नजरेत एक नाहीत. वकील परिषदेच्या नियम ४९ प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली स्थगित ठेवावी लागते. विधी अधिकाऱ्यांना असलेली सवलत २००१ मध्ये काढून टाकण्यात आली. त्यामुळे बँकेत किंवा महामंडळात कागद तपासण्यात गेलेली पाच वर्षे ‘वकिलीची वर्षे’ म्हणून मोजून मागता येत नाहीत. सरकारी अभियोक्त्यांचे तसे नाही. २०१३ मध्ये दीपक अग्रवाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की न्यायालयात उभे राहून खटले चालवणारा सरकारी वकील हा वकीलच राहतो आणि जिल्हा न्यायाधीशपदासाठी लागणाऱ्या सात वर्षांत त्याची वर्षे धरली जातात.

सनदेवर परिषदेचे नाव छापलेले असते खरे. निवड समितीला त्याखालची तारीख लागते आणि त्या तारखेपासून कुठल्या न्यायालयात किती काळ उभे राहिलात, एवढेच ती पाहते.

मोठ्या सरकारी वकिलांचे रस्ते पाहिले की हे उघड होते. अमरावतीचे भूषण गवई १६ मार्च १९८५ रोजी वकिलीत आले. काही काळ मुंबईत काढून १९९० नंतर त्यांनी बस्तान नागपूर खंडपीठात बसवले. नागपूर आणि अमरावती महापालिका आणि अमरावती विद्यापीठ यांचे ते स्थायी वकील होते. ऑगस्ट १९९२ ते जुलै १९९३ ते सहायक सरकारी वकील राहिले आणि १७ जानेवारी २००० रोजी त्याच खंडपीठात सरकारी वकील झाले. जवळपास चार वर्षांनी न्यायमूर्ती आणि मे २०२५ मध्ये सरन्यायाधीश. पालिकेच्या कज्ज्यांपासून सरकारी वकिलीपर्यंतचा सारा प्रवास विदर्भाच्या पट्ट्यात झाला. उज्ज्वल निकम यांची सुरुवात जळगावच्या जिल्हा न्यायालयात सरकारी वकील म्हणून झाली. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांचा खटला आणि नंतर २६ नोव्हेंबरच्या हल्ल्याचा खटला त्यांच्याकडे आला तो जिल्ह्यातल्या खटल्यांवर हात बसल्यानंतर.

गुजरातकडून पाहिले तर तुषार मेहता १९८७ मध्ये वकिलीत आले. २००८ मध्ये राज्याचे अतिरिक्त महाधिवक्ता, २०१४ मध्ये केंद्राचे अतिरिक्त सॉलिसिटर जनरल आणि २०१८ मध्ये सॉलिसिटर जनरल. दिल्लीचे दार त्यांना अहमदाबादच्या कामाने उघडून दिले. बेला त्रिवेदी यांनी तर वाणिज्य आणि कायद्याच्या पदव्या बडोद्याच्याच विद्यापीठातून घेतल्या. गुजरात उच्च न्यायालयात सुमारे दहा वर्षे वकिली केली, १९९५ मध्ये अहमदाबादच्या शहर दिवाणी न्यायालयात थेट न्यायाधीश झाल्या, पुढे राज्याच्या विधी सचिव आणि अखेर सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती.

याला अपवाद उदय लळित यांचा. १९८३ मध्ये सनद महाराष्ट्राची, अडीच वर्षे मुंबई उच्च न्यायालय आणि जानेवारी १९८६ पासून दिल्ली. २०११ मध्ये टू-जी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना विशेष सरकारी अभियोक्ता नेमले तेव्हा सनद कुठली, हे कुणी विचारले नाही. पण त्यामागे दिल्लीत काढलेली पंचवीस वर्षे होती.

बडोद्याच्या मराठी मुलांना भाषेचा मुद्दा सर्वांत आधी अडवतो आणि सर्वांत कमी बोलला जातो. उच्च न्यायालयात इंग्रजी. खाली मात्र राज्याची भाषा. महाराष्ट्राने १९९८ मध्ये कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी ठरवली. गुजरातमध्ये जबाब, तक्रार, साक्ष, सारे गुजरातीत. घरी मराठी बोलणारे आणि शाळेत गुजराती शिकलेले मूल दोन्हीकडे अर्धे आपले असते. पंचनामा आणि जामीन दोन्हीकडे ओळखीचे, पण महाराष्ट्रातले प्रतिज्ञापत्र इथे ‘सोगंदनामुं’ होते, निकालाचा ‘चुकादो’ होतो आणि वकीलपत्राचे ‘वकीलातनामुं’. आजीशी मराठीत गप्पा मारता येतात म्हणून औरंगाबाद खंडपीठाकडे निघालेल्या प्रकरणातला मोडीमिश्रित सातबाऱ्याचा इतिहास वाचता येईल असे नाही. उलट नागपूरहून बडोद्यात आलेल्या वकिलाला गुजराती फिर्याद वाचताना घाम फुटतो.

या अडचणीवर बडोद्यानेच एकदा औषध काढले होते. सयाजीरावांच्या काळात, १९३१ मध्ये, ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ हा कायदा आणि राज्यकारभाराच्या शब्दांचा कोश निघाला. त्यात इंग्रजीसमोर मराठी, गुजराती, संस्कृत, फार्सी, उर्दू, हिंदी आणि बंगाली शब्द मांडलेले आहेत. मराठी राजा, गुजराती प्रजा आणि इंग्रजी कायदा असलेल्या दरबाराला त्याची गरज रोजच भासत असणार. आजच्या विद्यार्थ्यापुढचा प्रश्न त्याच कोशाच्या रकान्यांत बसलेला आहे.

आरक्षणाचा हिशेब वेगळाच. एका राज्यात अनुसूचित जातीत मोडणाऱ्या व्यक्तीला दुसऱ्या राज्याच्या सेवेत त्या नात्याने आरक्षण मागता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बीर सिंग प्रकरणात पुन्हा सांगितले. सनद मुंबईहून घेतली तरी यात काडीचाही फरक पडत नाही. तिथे रहिवास आणि जात प्रमाणपत्र कुठले, हे पाहिले जाते.

नकाशावरचा एक चमत्कार मात्र या भागातल्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावा असा आहे. वापीहून थोड्या अंतरावरची सिल्वासा आणि दमण ही गावे गुजरातच्या कुशीत आहेत, पण त्यांचे उच्च न्यायालय मुंबई आणि वकील परिषद महाराष्ट्र व गोव्याची. दक्षिण गुजरातच्या एका टोकाला अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर दोन परिषदांच्या हद्दी आहेत. केंद्रशासित प्रदेशाच्या प्रशासनाचे खटले चालवायची इच्छा असलेल्या वलसाडच्या मुलाला मुंबईचीच सनद सोयीची.

चुकले तर? अधिवक्ता कायद्याच्या कलम १८ मध्ये बदलीची सोय आहे. भारतीय वकील परिषदेकडे अर्ज करून नाव एका राज्याच्या नोंदवहीतून दुसऱ्या राज्यात नेता येते. कायद्याप्रमाणे त्याला शुल्क नाही आणि ज्येष्ठता जशीच्या तशी राहते. शिस्तभंगाची कारवाई चालू असेल किंवा अर्जामागे प्रामाणिक हेतू नसेल तर तो नाकारता येतो. कल्याण निधीचा हिशेब मात्र राज्यागणिक वेगळा आहे. महाराष्ट्राचा वकील कल्याण निधी कायदा १९८१ चा, गुजरातचा १९९१ चा. लग्न होऊन पुण्याला गेलेल्या किंवा नवऱ्याच्या बदलीने बडोद्यात आलेल्या वकील स्त्रियांना या कलमाचा उपयोग सर्वाधिक. ज्येष्ठता कायम राहते, पण न्यायालयातली ओळख नव्याने कमवावी लागते.

नेमणुकीत राजकारण चालते का? चालते, आणि न्यायालयांनाही ते ठाऊक आहे. उत्तर प्रदेश सरकारने १९९० मध्ये जिल्ह्यांतले सारे सरकारी वकील एका फटक्यात काढले. त्याच वर्षी श्रीलेखा विद्यार्थी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय मनमानी म्हणून रद्द केला. मार्च २०१६ मध्ये पंजाबच्या चहल प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेले. विधी अधिकारी नेमताना पारदर्शक निवड हवी आणि आधी गरज किती हे मोजावे, असे त्याने बजावले. सरकार बदलले की सरकारी वकिलांची यादी बदलते, हा अनुभव तरीही संपलेला नाही. त्यामुळे मुदतीच्या नेमणुकीवर विसंबणाऱ्याला स्वतःची खाजगी वकिली जिवंत ठेवावी लागते, आणि ती बिऱ्हाड हलवून दुसऱ्या राज्यात नेता येत नाही.

न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांतही हा प्रश्न निघतो, पण त्याचे रूप वेगळे. अमेरिकेत प्रत्येक राज्याची परवाना परीक्षा स्वतंत्र. केंद्रीय न्याय विभागात वकील व्हायचे तर कुठल्याही एका राज्याचा चालू परवाना पुरतो. एखाद्या राज्याच्या सरकारसाठी काम करायचे असेल, तर सहसा त्याच राज्याचा परवाना लागतो. अनेक राज्यांनी समान परीक्षा स्वीकारल्याने गुण एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेता येतात. तिथेही निवड शेवटी ‘केंद्र की राज्य’ या प्रश्नापाशी येते. भारतात सनद एकच आणि हक्क देशभर असला तरी जिल्ह्याची नेमणूक जिल्ह्यातूनच होते.

बडोद्याच्या मुलीला दिवाळीपुऱ्याच्या न्यायालयात, सोला येथील गुजरात उच्च न्यायालयात किंवा इथल्या उपक्रमांच्या पॅनेलवर सरकारी वकिली करायची असेल, तर गुजरात परिषदेची सनद हाच सरळ मार्ग आहे आणि कलम २५ ला तोच अपेक्षित आहे. महाराष्ट्रात सहायक अभियोक्ता व्हायचे ठरलेच असेल, तर तिने पहिल्या दिवसापासून तिथल्या न्यायालयात राहायला जावे, मराठी कागद वाचावेत आणि सनदही तिथलीच घ्यावी. मुंबईची सनद घेऊन बडोद्यात बसणे हा मधला प्रकार फारसा उपयोगाचा नाही.

नव्याने आलेला एक नियम हे जास्तच पक्के करतो. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीशाच्या पहिल्या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली, आणि ही वर्षे तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून मोजायची असे ठरवले. अभियोक्त्याच्या जागेसाठी तयारी करणारे बहुतेक जण दिवाणी न्यायाधीशाची परीक्षाही देतातच. या तीन वर्षांचा दाखला दहा वर्षे वकिली झालेल्या वकिलाने द्यायचा आणि त्यावर जिल्ह्याच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याची सही लागते. बडोद्यात वकिली करणाऱ्या मुलीसाठी ती सही दिवाळीपुऱ्यातच मिळते, मग सनदेवर परिषद कुठलीही असो.